एका ‘ही’च्या चार वाटा: स्पॅनिशमधलं कोणताही, काहीही, कुठेही

मराठीतला ‘ही’ किती कामं करतो, हे स्पॅनिश शिकायला घेतल्यावर कळतं. ही चार वाक्यं पाहा. कोणीही आलं नाही. कोणीही येऊ शकतं. कोणीही आलं तरी दार उघडू नकोस. ती कोणाहीपेक्षा चांगली पोहते.

चारही वाक्यांत तोच ‘कोणी’ आणि तोच ‘ही’. स्पॅनिशमध्ये मात्र पहिलं ‘नो बीनो नादिए’. दुसरं ‘प्वेदे बेनीर क्वाल्किएरा’. तिसऱ्यात सर्वनाम बदलून भागत नाही, क्रियापदच दोनदा येतं: ‘बेंगा किएन बेंगा, नो आब्रास ला प्वेर्ता’. आणि चौथ्यात, वाक्यात नकार कुठेच नसताना, पुन्हा ‘नादिए’: ‘नादा मेहोर के नादिए’. (इथला ‘नादा’ म्हणजे ‘काही नाही’ नव्हे, ‘पोहते’. स्पॅनिशमध्ये दोन्ही शब्द एकसारखेच लिहितात आणि बोलतात.)

बहुतेक मराठी विद्यार्थी ‘कोणताही म्हणजे क्वाल्किएर’ एवढं पाठ करतात आणि तिथेच फसतात. ‘क्वाल्किएर’ या चारांपैकी एकाच वाटेचा खरा धनी आहे.

लिपीबद्दल एक खुलासा. स्पॅनिश शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत, लॅटिन अमेरिकेच्या ढंगाने. म्हणून इ-एच्या आधीचा ‘से’ (इंग्रजी ‘सी’) आणि ‘सेता’ (‘झेड’) या दोन्ही अक्षरांना ‘स’, जोड ‘एल’ला ‘य’, आणि ‘व्ही’ला ‘ब’. मूळ लिखाणातला ‘एच’ मूक असल्याने तो इथे दिसणार नाही. जिथे ‘ह’ दिसेल तिथे मूळ अक्षर ‘होता’ (इंग्रजी ‘जे’), किंवा इ-एच्या आधीचा ‘जी’ आहे.

आधी नकार बाजूला काढा

वाक्यात ‘नाही’ असेल तर ‘क्वाल्किएर’ला हात लावण्याआधी थांबा. ‘काहीही’ म्हणजे ‘नादा’, ‘कोणीही’ म्हणजे ‘नादिए’, ‘कोणताही’ म्हणजे नामाआधी ‘निंगून’, स्त्रीलिंगी ‘निंगूना’, आणि नाम नसेल तर ‘निंगूनो’. ‘कुठेही नाही’ला ‘एन निंगूना पार्ते’. ‘न बोलता’, ‘शिवाय’ अशा छुप्या नकारांनाही हेच लागू: काहीही न बोलता गेला, ‘से फ्वे सिन देसीर नादा’.

तुलनेतही हीच माळ. ‘कोणाहीपेक्षा’ म्हणजे ‘के नादिए’, ‘कशाहीपेक्षा जास्त’ म्हणजे ‘मास के नादा’, ‘इतर कोणत्याही गोष्टीआधी’ म्हणजे ‘आन्तेस के नादा’. ‘मेहोर के क्वाल्किएरा’ही चालतं, पण सहज बोलण्यात ‘के नादिए’ आधी तोंडात येतं.

नकारासोबत ‘क्वाल्किएर’ वापरलं तर वाक्य चुकत नाही, अर्थ बदलतो, आणि चूक पकडायला जास्त अवघड जाते. ‘नो आसेप्तो निंगून त्राबाहो’ म्हणजे मी कोणतंही काम स्वीकारत नाही, सगळी दारं बंद. ‘नो आसेप्तो क्वाल्किएर त्राबाहो’ म्हणजे मी वाटेल ते काम स्वीकारत नाही, निवडून घेतो. मुलाखतीत पहिलं म्हणायचं असताना दुसरं म्हटलं तर निभावतं, उलट झालं तर काम गेलं. मराठीत हा फरक आपण ‘कोणतंही’ आणि ‘वाटेल ते’ असा शब्द बदलून दाखवतो. स्पॅनिश तो ‘निंगून’ आणि ‘क्वाल्किएर’ यांत दाखवते. ‘नो क्वाल्किएरा प्वेदे’ म्हणजे ‘ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही’. ‘कोणालाच जमत नाही’ म्हणायचं तर ‘नादिए प्वेदे’.

प्रश्न आणि ‘जर’ ही त्याच्याशेजारची जागा. ‘कोणी आलं का?’ म्हणजे ‘बीनो आल्गिएन?’. ‘काहीही लागलं तर सांग’ म्हणजे ‘सी नेसेसीतास आल्गो, दीमे’. इथे ‘क्वाल्किएर कोसा’ही बसतं, थोडी जास्त उदारता दाखवत. लॅटिन अमेरिकेत तर ‘जर’ गाळून नुसतं ‘क्वाल्किएर कोसा, मे आबीसास’ म्हणतात, ‘काही लागलंच तर कळव’ या अर्थाने. आणि ‘काहीतरी’, ‘कोणीतरी’ मधला ‘तरी’ नेहमी ‘आल्गो’, ‘आल्गिएन’कडे जातो. तिथे ‘क्वाल्किएर’चा संबंध नाही.

‘क्वाल्किएरा’च्या पोटात काय आहे

हा जोडशब्द आहे. ‘क्वाल’ म्हणजे ‘कोणता’ आणि ‘किएरा’ म्हणजे ‘हवा असेल’: ‘केरेर’ या क्रियापदाचं सब्जंक्टिव्ह (इच्छा, शक्यता, अनिश्चिती दाखवणारं रूप), वर्तमानकाळ, तृतीय पुरुष, एकवचन. शब्दशः ‘हवा तो’. लॅटिनमध्येही हीच युक्ती होती. ‘क्वीवीस’ म्हणजे ‘तुला हवा तो’, ‘क्वीलिबेत’ म्हणजे ‘रुचेल तो’. मराठीतलं ‘वाटेल तो’, ‘हवं ते’, ‘पाहिजे तिथे’ हे सगळं याच जातकुळीचं. तेव्हा ‘क्वाल्किएर’शी खरं नातं ‘कोणताही’पेक्षा ‘वाटेल तो’चं आहे. नकाराच्या वाक्यातला वरचा घोळही त्यामुळेच होतो.

पोट उघडून पाहिलं की अनेकवचनाचं कोडंही सुटतं. शब्दाच्या शेवटी ‘स’ लागत नाही, मधे लागतो: ‘क्वालेस्किएरा’. कारण अनेकवचन ‘क्वाल’चं होतं, ‘किएरा’ जागच्या जागी राहतं. ‘क्वालेस्किएरा के सेआन लास रासोनेस’, कारणं कोणतीही असोत. हे रूप लेखी आणि कायद्याच्या भाषेत भेटतं. बोलताना लोक एकवचन करून मोकळे होतात. स्पॅनिश मातृभाषा असणारेही इथे घसरतात, आणि ऐटीत बोलण्याच्या नादात ‘क्वालेस्किएरा कोसा’ असं अनेकवचनी रूप एकवचनी नामाला लावतात. ते चूक आहे. तुम्ही एकवचनाला चिकटून राहा: ‘क्वाल्किएर रासोन’ म्हटलं की पुरतं.

आता शेवटचा ‘आ’ कधी गळतो? नाम पुढे असेल तर गळतो, मग ते पुल्लिंगी असो वा स्त्रीलिंगी. ‘क्वाल्किएर दीआ’, ‘क्वाल्किएर कासा’. मधे विशेषण आलं तरी गळतो: ‘क्वाल्किएर ओत्रा कासा’, दुसरं कोणतंही घर. स्त्रीलिंगी नाम पाहून ‘क्वाल्किएरा कासा’ म्हणण्याचा मोह होतो, कारण स्पॅनिशमध्ये ‘आ’ म्हटलं की स्त्रीलिंग अशी सवय लागलेली असते. पण हा ‘आ’ लिंगाचा नाही, ‘किएरा’ या क्रियापदाचा आहे. नाम पुढे नसेल तर शब्द अख्खा ठेवा: ‘क्वाल्किएरा लो साबे’ (कोणालाही ठाऊक आहे), ‘क्वाल्किएरा दे लोस दोस’ (दोघांपैकी कोणीही). ‘क्वाल्किएर दे लोस दोस’ ही नेहमीची चूक. ‘दे’ आला की ‘आ’ हवाच.

‘क्वाल्किएरा दे नोसोत्रोस’ कर्ता असेल तर क्रियापद एकवचनी, तृतीय पुरुषी: ‘क्वाल्किएरा दे नोसोत्रोस प्वेदे आसेर्लो’. मराठीत ‘आपल्यापैकी कोणीही करू शकतो’ असं आपण आपोआप एकवचन धरतो, तेव्हा इथे मराठीवर विसंबा आणि ‘पोदेमोस’ (आपण करू शकतो) टाळा.

नामाच्या मागे आला की हाच शब्द वेगळा रंग दाखवतो. ‘क्वाल्किएर लीब्रो’ म्हणजे कोणतंही पुस्तक, सगळी पुस्तकं चालतील. ‘उन लीब्रो क्वाल्किएरा’ म्हणजे असंच एखादं, डोळे मिटून उचललेलं पुस्तक. ‘एलीहे उन नूमेरो क्वाल्किएरा’, मनात येईल तो एक आकडा धर. पुढे जाऊन हाच अर्थ ‘सामान्य, खास काही नसलेला’ असा होतो: ‘उन दीआ क्वाल्किएरा’, नेहमीसारखाच एक दिवस. नकारात गौरव: ‘नो एस उन लीब्रो क्वाल्किएरा’, हे साधंसुधं पुस्तक नव्हे. या रचनेत ‘उन’ किंवा ‘ऊना’ सोडायचा नाही.

घडून गेलेल्या एकाच घटनेत या जागेला खरं महत्त्व येतं. ‘काल मी कोणतंही पुस्तक विकत घेतलं’ हे मराठीत कानाला खटकतं. आपण ‘हाताला लागलं ते’ किंवा ‘कुठलंतरी’ म्हणू. स्पॅनिशलाही ते खटकतं. ‘आयेर कोम्प्रे क्वाल्किएर लीब्रो’ म्हटलंत तर ऐकणाऱ्याला वाटेल की तुम्ही न बघता काहीतरी उचलून आणलंत. ‘कोम्प्रे उन लीब्रो क्वाल्किएरा’ सरळ जातं. मोकळी निवड शक्यता, परवानगी, आज्ञा, सवय, भविष्य यांच्या सोबत सुखाने नांदते. एकदाच घडलेल्या गोष्टीत निवड होऊन गेलेली असते, तिला मोकळं कसं म्हणणार?

नाम म्हणून वापरताना सांभाळा. ‘उन क्वाल्किएरा’ म्हणजे कुणी सोम्यागोम्या, लायकी नसलेला माणूस. ‘ऊना क्वाल्किएरा’ ही बाईच्या चारित्र्यावर जाणारी शिवी आहे. ‘कोणीही एक बाई’ म्हणायचं असेल तर ‘क्वाल्किएर मुहेर’. आणि या नामाचं अनेकवचन मात्र साधं: ‘क्वाल्किएरास’. अर्जेंटिनामध्ये ‘दीहो क्वाल्किएरा’ म्हणजे ‘तो काहीच्या काही बोलला’. आपल्या ‘काहीही!’ या उद्गाराशी हे इतकं जुळतं की लक्षात ठेवायला वेगळे कष्ट नाहीत.

उपरोधाचे वापर पाठच करा, व्याकरणातून ते निघत नाहीत. ‘क्वाल्किएरा साबे’ हे विशिष्ट सुरात म्हटलं की ‘कोणालाही माहीत आहे’चं उलट, ‘कोण जाणे!’ होतं. ‘क्वाल्किएरा से लो दीसे’ म्हणजे ‘त्याला सांगायची कोणाची छाती आहे?’. ‘आसी क्वाल्किएरा’ म्हणजे ‘असं काय, कोणीही करेल’, समोरच्याचं यश खालच्या दराने मोजताना. ‘क्वाल्किएरा दिरीआ के…’ म्हणजे ‘पाहणाऱ्याला वाटेल की…’.

‘दे क्वाल्किएर मानेरा’ दोन अर्थांनी चालतं. वाक्याच्या सुरुवातीला ‘काहीही असो, तरी’. क्रियापदामागे ‘कसंतरी, पाट्या टाकत’: ‘लो इसो दे क्वाल्किएर मानेरा’, त्याने ते उरकलं. ‘कसंही करून गाठायचंच’ या जिद्दीला ते वापरू नका. तिथे ‘कोमो सेआ’ लागतं: ‘आय के येगार कोमो सेआ’.

‘किएरा’ची बाकी भावंडं झटपट: ‘किएनकिएरा’ (कोणीही), ‘दोन्देकिएरा’ (कुठेही), ‘कोमोकिएरा’ (कसंही). हे एकच शब्द आहेत, तोडून लिहू नयेत, आणि ‘किएनकिएरा’नंतर संबंधी (‘जो, जे’चं) वाक्य आलं की ‘के’ गाळायचा नाही: ‘किएनकिएरा के सेआ’. ‘किएनकिएरा सेआ’ चालत नाही. लिहिताना ते शोभतात, बोलताना जड वाटतात. ‘कोमोकिएरा के’पुढे इंडिकेटिव्ह (गोष्ट सरळ सांगणारं साधं रूप) आलं तर अर्थच पालटतो: ‘ज्याअर्थी’. आणि ‘सीकिएरा’ (‘निदान’, नकारात ‘सुद्धा’) याच घरातला, ‘सी’ आणि ‘किएरा’ मिळून झालेला, पण आता त्याचा संसार वेगळा.

‘लो के सेआ’ आणि ‘लो के किएरास’

रोजच्या बोलण्यात हे दोनही सतत कानी पडतात. ‘लो के सेआ’, ‘जे काही असेल ते’. ‘किएन सेआ’ (कोणीही), ‘दोन्दे सेआ’ (कुठेही), ‘क्वान्दो सेआ’ (केव्हाही), ‘कोमो सेआ’ (कसंही). साचा एकच: संबंधी शब्द अधिक ‘सेर’ (असणं) या क्रियापदाचं सब्जंक्टिव्ह. त्यात ‘केरेर’ घातलं की निवड ऐकणाऱ्याच्या हाती जाते: ‘लो के किएरास’, तुला हवं ते, ‘दोन्दे किएरास’, तुला हवं तिथे, आदरार्थी ‘ऊस्तेद’ला ‘क्वान्दो किएरा’. मेक्सिकोत ‘क्वान्दो गुस्ते’ हे अधिक अदबीचं.

दोन्हींचा सूर सारखा नाही. काय खाणार, या प्रश्नाला ‘लो के सेआ’ म्हणजे ‘काहीही चालेल’, आणि जरा तुटक म्हटलं तर ‘काहीही कर, मला काय’. ‘लो के किएरास’ म्हणजे ‘तू म्हणशील ते’. पाहुणचारात दुसरं बरं. यादीच्या शेवटी ‘ओ लो के सेआ’ म्हणजे ‘किंवा जे काय असेल ते’, त्यात बऱ्याचदा तुच्छता डोकावते.

लिंगही पाहावं लागतं. प्रश्नात नाम ठरलेलं असेल, कोणती खुर्ची घेऊ, कोणता रस्ता धरू, तर उत्तर ‘लो के सेआ’ नव्हे. ‘सीया’ स्त्रीलिंगी, म्हणून ‘ला के सेआ’. ‘कामीनो’ पुल्लिंगी, म्हणून ‘एल के सेआ’. अनेकवचनात क्रियापदही बदलतं: ‘लोस के सेआन’. लिंगाची खात्री नसेल तर ‘क्वाल्किएरा’ म्हणून सुटता येतं, त्याला लिंग नाही.

आता सब्जंक्टिव्ह. ‘आस लो के किएरास’ म्हणजे ‘तुला हवं ते कर’, काय हवं ते बोलणाऱ्याला ठाऊक नाही, निवड खुली. ‘आस लो के किएरेस’, इंडिकेटिव्हमध्ये, म्हणजे ‘तुला जे हवंय, जे ठरलेलंच आहे, ते कर’. एका स्वराचा फरक. मराठीत तो क्रियापदाच्या रूपात उमटतो: ‘जे मिळेल ते खा’ आणि ‘जे आहे ते खा’. पहिल्यात ‘कोमे लो के आया’, दुसऱ्यात ‘कोमे लो के आय’. मराठी वाक्य मनात ‘असेल, मिळेल, वाटेल’ असं येत असेल तर बहुधा सब्जंक्टिव्ह. ‘आहे, मिळतं, वाटतं’ असं येत असेल तर इंडिकेटिव्ह. ही कसोटी शंभर टक्के नाही, पण पाठ केलेल्या नियमांपेक्षा लवकर कामाला येते. ‘ज्याच्याकडे किल्ली असेल अशी कोणतीही व्यक्ती आत येऊ शकते’: ‘क्वाल्किएर पेर्सोना के तेंगा याबे प्वेदे एन्त्रार’. ‘असेल’ आला, ‘तेंगा’ आलं.

मात्र मराठीतलं ‘असेल’ भविष्याचं रूप आहे म्हणून स्पॅनिशमध्ये भविष्यकाळ घालू नका. ‘लो के सेरा’, ‘क्वान्दो केर्रास’ अशी वाक्यं हमखास या वाटेने येतात आणि चुकतात.

‘तरी’ आला की क्रियापद दोनदा

काहीही झालं तरी: ‘पासे लो के पासे’. कोणी काहीही म्हटलं तरी: ‘दीगान लो के दीगान’. कोणीही असो: ‘सेआ किएन सेआ’. कितीही पैसे पडोत: ‘क्वेस्ते लो के क्वेस्ते’. कुठेही असलास तरी: ‘एस्तेस दोन्दे एस्तेस’. सब्जंक्टिव्ह, संबंधी शब्द, पुन्हा तेच सब्जंक्टिव्ह, आणि मग स्वल्पविराम. स्पॅनिशमधली ही सर्वांत चपखल रचना आहे असं माझं मत, आणि मराठी माणूस तिथे सर्वांत जास्त अडखळतो.

अडखळण्याचं कारण आपल्या ‘तरी’त आहे. ‘कुठेही गेलास तरी फोन कर’ यात ‘गेलास’ हे भूतकाळी दिसणारं रूप आहे, पण जाणं अजून व्हायचंय. ‘कुठेही गेला तरी तो फोन करायचा’ यातही तेच ‘गेला’, आणि इथे जाणं खरोखर भूतकाळातलं. मराठीत काळ कळतो तो मुख्य क्रियापदावरून. स्पॅनिशमध्ये तो जोडीतच दाखवावा लागतो. पहिलं वाक्य: ‘बायास आदोन्दे बायास, यामामे’, वर्तमान सब्जंक्टिव्ह. दुसरं: ‘फ्वेरा आदोन्दे फ्वेरा, यामाबा’, भूत सब्जंक्टिव्ह. तेव्हा ‘झालं तरी’ ऐकून ‘पासो’ लिहू नका. मुख्य वाक्य आज-उद्याचं किंवा आज्ञेचं असेल तर ‘पासे’, भूतकाळाचं असेल तर ‘पासारा’: ‘पासारा लो के पासारा, नो से केहाबा’, काहीही झालं तरी तो तक्रार करत नसे. आधीच घडून गेलेलं असेल आणि परिणाम आजचा असेल तर ‘आया दीचो लो के आया दीचो’, तो काहीही म्हणाला असला तरी.

भूत सब्जंक्टिव्हला स्पॅनिशमध्ये दोन रूपं आहेत, ‘फ्वेरा’ आणि ‘फ्वेसे’. जोडीत दोन्हीकडे एकच घ्या. मिसळलेली रूपं ऐकू येतात, पण शिकणाऱ्याने सवय नीट जोड्यांची लावावी.

शब्दयोगी भाग, म्हणजे ‘कोन’, ‘दे’, ‘एन’, एकदाच येतो आणि मधल्या शब्दाच्या आधी येतो. कोणाशीही बोललास तरी: ‘आब्लेस कोन किएन आब्लेस’. कुठूनही आले तरी: ‘बेंगान दे दोन्दे बेंगान’. मराठीत ‘शी’, ‘हून’ शब्दाला मागून चिकटतात, म्हणून घाईत तो ‘कोन’ पुढच्या ‘आब्लेस’च्या मागे जाऊन बसतो, किंवा गळतोच. कर्ता सांगायचा असेल तर जोडीनंतर: ‘दीगा लो के दीगा एल मेदिको’, डॉक्टर काहीही म्हणोत.

‘सेआ क्वाल सेआ’ या जोडीत वचनाची काळजी घ्यावी लागते, कारण खरा कर्ता मागून येतो. ‘सेआ क्वाल सेआ एल प्रेसिओ’, किंमत कोणतीही असो. ‘सेआन क्वालेस सेआन लोस मोतीबोस’, हेतू कोणतेही असोत. तिन्ही शब्द एकत्र बदलतात. ‘सेआ क्वाल सेआन’ असं अर्धवट रूप वर्तमानपत्रांतही सापडतं, म्हणून ते बरोबर होत नाही.

याच घरात ‘असो वा नसो’ही राहतं: ‘ते गुस्ते ओ नो’, तुला आवडो न आवडो, ‘किएरास ओ नो’, तुझी इच्छा असो नसो. मराठीतली ‘असो, पडो, आवडो’ ही रूपं सब्जंक्टिव्हच्या अगदी जवळची. ‘तरी’ची रचना सुचेनाशी झाली तर वाक्य आधी ‘काहीही होवो’ या वळणाने म्हणून पाहा. भूतकाळाचा मोह आपोआप जातो.

काही जोड्या गोठलेल्या आहेत. ‘काईगा किएन काईगा’, शब्दशः ‘पडेल तो पडो’, चौकशीत कोणाचीही गय होणार नाही अशा अर्थाने. ‘सेआ क्वाल फ्वेरे’मधला ‘फ्वेरे’ हा भविष्य सब्जंक्टिव्ह. हा काळ बोलण्यातून गेला, पण कायद्याच्या मजकुरात आणि म्हणींत टिकला: ‘आदोन्दे फ्वेरेस, आस लो के बिएरेस’, जाशील तिथे जे पाहशील ते कर. ओळखता यावा एवढंच पुरे, वापरू नका.

बोलीत, विशेषतः लॅटिन अमेरिकेत, तिसराही साचा ऐकाल: ‘लो के सेआ के आया पासादो’, जे काही झालं असेल ते. ‘के’पुढे सब्जंक्टिव्ह. समजून ठेवा, औपचारिक लिखाणात जोडीच बरी.

‘कितीही’ची गोष्ट वेगळी. तिथे क्रियापद दोनदा येत नाही, ‘पोर … के’ येतं. क्रियापदाला ‘पोर मूचो के’ किंवा ‘पोर मास के’: ‘पोर मूचो के कोर्रास, नो येगारास’, कितीही धावलास तरी पोचणार नाहीस. विशेषणाला ‘पोर मुई’: ‘पोर मुई कारो के सेआ’, कितीही महाग असलं तरी. नामाशी ‘मूचो’ लिंग-वचन जुळवतं: ‘पोर मूचास बेसेस के यामेस’, कितीही वेळा फोन केलास तरी. ‘मास’ मात्र अचल: ‘पोर मास लीब्रोस के लेआस’. आणि इथे, जोडीत कधीच न चालणारं इंडिकेटिव्ह चालतं, गोष्ट खरी घडली असेल तर: ‘पोर मूचो के कोर्रिओ, नो येगो’, तो खूप धावला, तरी पोचला नाही. मराठीत दोन्हीकडे ‘कितीही धावला तरी’. स्पॅनिश विचारते, तो धावला की नाही?

टिल्डे का नको

लिहिताना एक चूक इतकी नियमित होते की तिचं मूळ सांगायला हवं. मराठी मोकळी निवड प्रश्नार्थक शब्दांवर उभारते: कोण, काय, कुठे, कधी, आणि त्यापुढे ‘ही’. स्पॅनिश ती संबंधी शब्दांवर उभारते, म्हणजे आपल्या ‘जो, जे, जिथे, जेव्हा’वर. ‘पासे लो के पासे’ शब्दशः ‘होवो जे होवो’. स्पॅनिशमध्ये प्रश्नार्थक ‘किएन’, ‘दोन्दे’, ‘क्वान्दो’, ‘कोमो’ यांच्यावर टिल्डेची तिरकी रेघ असते, संबंधी रूपांवर नसते. मनात ‘कोणीही’ असल्याने हात ‘सेआ किएन सेआ’च्या ‘किएन’वर रेघ ओढतो. ओढायची नाही. ‘काय’ मनात असल्याने ‘पासे के पासे’ असं लिहून ‘लो’ही गळतो. तो ठेवायचा.

रेघ लागते ती ‘फरक पडत नाही’च्या वाक्यात, कारण तिथे पोटात खरा प्रश्न असतो: ‘दा इग्वाल किएन बेंगा’, कोण येतं याने फरक पडत नाही. ‘नो इम्पोर्ता दोन्दे एस्तेस’चंही तसंच. पण ‘नो इम्पोर्ता लो के दीगान’मध्ये ‘लो के’ आहे, म्हणून रेघ नाही. आणि ‘काहीही झालं तरी’साठी नुसतं ‘नो इम्पोर्ता के’ असं अर्धं तोडलेलं वाक्य इंग्रजीच्या वळणाने आलेलं असतं. त्या जागी ‘पासे लो के पासे’ आहेच.